दोनशे टिकल्या, हाताने

घरी टिकल्या बसवायला पोलिसांचा परवाना लागतो, अशी नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावातल्या बऱ्याच मराठी बायकांची आजही समजूत आहे. ती माझ्यामुळेच झाली, आणि गंमत म्हणजे मी त्यांना एक अक्षरही खोटं सांगितलेलं नाही.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे धक्का बसायला नको. मी नेमबाजी करते. रायफल. खरी. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना माझा नेम चांगला होता. पुढे लग्न, नोकरी, नवऱ्याची, म्हणजे विवेकची बदली, हा देश, लेक सई, या सगळ्यात तो धरायला कुणी सांगितलं नाही. मग आमची सई शिकायला मास्ट्रिख्टला गेली. (नेदरलँड्स हा एवढासा देश. तरी मास्ट्रिख्ट त्याच्या अगदी तळाच्या टोकाला आहे. विद्यापीठ निवडताना पोरीनं नकाशावर पट्टी धरली होती, असा मला संशय आहे.) ती गेली आणि घर एकदम नीटनेटकं राहायला लागलं. बाथरूममध्ये केस नाहीत, जिन्यात बूट नाहीत, फ्रिजमध्ये अर्धं खाल्लेलं दही नाही. ते मला सहन होईना.

"योगा कर," विवेक म्हणाला.

मी नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं.

इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना हे सांगितलं नव्हतं. "सध्या वेळ कसा घालवतेस?" या प्रश्नाला "रायफल चालवते" असं उत्तर दिलं, की पुढचा प्रश्न येत नाही आणि भिशीचं बोलावणंही येत नाही. घरात लोखंडी कपाट होतं, त्यावर मी कुंडी ठेवली होती. अधूनमधून पोलीस येऊन कपाट नीट बंद आहे ना ते बघून जायचे. तेवढंच.

आता टिकल्यांचं. झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी टाकून देत नाहीत, ती पुन्हा भरतात. नळीच्या बुडाशी एक बारीकशी टोपी असते. तिच्यावर फटका बसला की ठिणगी पडते आणि पुढचं सगळं होतं. इंग्रजीत तिला प्रायमर म्हणतात. मी टिकली म्हणते. लहानपणी दिवाळीत पत्र्याच्या पिस्तुलात ज्या लाल टिकल्या घालायचो, पिस्तूल मोडलं की पायरीवर ठेवून दगडानं फोडायचो, तीच ही जात. वासही जवळजवळ तोच. पहिल्यांदा क्लबात तो वास आला तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. मागच्या माणसानं विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "सर्दी झालीय."

तर काडतूस भरायची बाकी कामं क्लबात करायची, तिथे हेन्कचं मोठं यंत्र आहे. (हेन्क म्हणजे आमच्या क्लबातले आजोबा. बोलतात कमी आणि बरोबर.) टिकल्या बसवायचं तेवढं घरी करायचं असं मी ठरवलं. परवान्यात तशी परवानगी मिळवली. प्रश्न एवढाच होता की यंत्र कुठलं घ्यायचं.

विवेक संगणकवाला. त्याला प्रश्न विचारला की तो उत्तर देत नाही, तक्ता करतो. त्यानं यंत्रांचा तक्ता केला आणि सगळ्यात वर टेबलावर बोल्टनं बसवायचं यंत्र ठेवलं.

"मजबूत आहे. दांडा ओढला की टिकली बसली. बोटांना त्रास नाही."

"कुठल्या टेबलावर बसवणार?"

"सईचं आहे ना. ओक आहे. चार भोकं पाडली की झालं."

"नको."

"अगं, रिकामं तर आहे."

"रिकामं नाहीये. सईचं आहे."

विवेकनं माझ्याकडे बघितलं आणि तक्त्यात एक नवीन रकाना घातला. त्यावर काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

मला हाताचं यंत्र हवं होतं. ते एका मुठीत मावतं. दिसायला लिंबू पिळायच्या चिमट्याचा चुलतभाऊ. वर एक छोटी गोल तबकडी असते, तिला बारीक खाचा असतात. टिकल्या तिच्यात ओतायच्या आणि तबकडी हलकेच हलवायची, की सगळ्या टिकल्या आपोआप एका बाजूला तोंड करून सुलट पडतात. मग नळी अडकवायची आणि मूठ आवळायची. हेन्कनी मला त्यांचं हाताळायला दिलं होतं. म्हणाले, "टेबलावरचं यंत्र ताकद देतं. हे खबर देतं. टिकली बुडाला टेकली की तळहाताला कळतं." मी मूठ आवळली. खरंच कळलं. अंगठ्याच्या सांध्यालाही कळलं, पण ते वय आहे.

तर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी विवेकला संदेश टाकला: "टिकल्या मी हातानेच बसवणार. टेबलावरचं नको. हाताचं बघ, पण लांब मुठीचं, बोटं दुखतात. दिवाळीआधी दोनशे तरी व्हायला हव्यात."

आणि फोन पालथा घालून कामाला लागले.

तो संदेश विवेकला गेला नव्हता. तो 'रायस्वाइकच्या सख्या' या गटावर गेला होता!

संध्याकाळी शुभदाताईंचा फोन. शुभदाताई म्हणजे आमच्या मंडळाचं आकाशवाणी केंद्र. मनानं सोन्यासारख्या, फक्त त्यांना बंद करायचं बटण नाही.

"वृषाली! किती गं छुपी तू! टिकल्यांचं कळलं हो आम्हाला."

मला वाटलं, विवेकनं तोंड उघडलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, फक्त जेवण राहतं.

"कळलं ना? बरं झालं. मी सांगणारच होते."

"आणि हातानेच करणार म्हणे?"

"हातानेच. यंत्रानं नीट बसली की नाही ते कळत नाही. हाताला कळतं."

"अगदी माझ्या मनातलं बोललीस! मशीनचं काम धुण्यात टिकतच नाही."

"धुते मीही. पण आधी. आधी धुवायचं, खडखडीत वाळवायचं, मग टिकली."

"नव्यालाही धुतेस?"

"नवं कुठलं? जुनंच वापरते. जुनी टिकली काढायची, भोक साफ करायचं, नवी बसवायची."

"अगं बाई! जुन्याचंच नवं! आणि किती वेळा चालतं एक?"

"गळ्याशी चीर पडेपर्यंत."

"हो गं, माझा मोरपंखी गळ्याशीच गेला."

इथे मला थांबायला हवं होतं. मोरपंखी काडतूस मी आजवर पाहिलेलं नाही. पण कुकरची शिट्टी झाली.

"माझे एक-दोन आहेत, देशील करून?" शुभदाताई.

"नाही हो. दुसऱ्याचं करून द्यायला बंदी आहे. परवाना स्वतःपुरताच असतो."

"परवाना? कसला?"

"पोलिसांचा. घरी येऊन बघून जातात ते."

पलीकडे शांतता. शुभदाताईंच्या फोनवर शांतता ही गोष्ट मी प्रथमच ऐकली.

"टिकल्यांसाठी… पोलीस?"

"मग? धोक्याची वस्तू आहे."

"पोरांच्या घशात जाते म्हणून?"

"घशात काय, डोळा जाईल! मी चष्मा घातल्याशिवाय हातच लावत नाही."

"चष्मा तर बाई मलाही लागतो," असं पुटपुटून त्यांनी फोन ठेवला.

वरण-भात उतरवून मी गट उघडला आणि वर वर सरकत गेले. तिथे माझा संदेश होता. त्याखाली टाळ्या, फुलं, "अभिनंदन वृषाली, बुटीक काढतेस ते सांगितलं नाहीस!", "मला आरसेकाम पण हवंय", "बिझनेसचं नाव काय?" आपल्या इथल्या बायकांचं हे असंच. नवऱ्याच्या व्हिसावर येतात आणि बघता बघता कुणी फराळ विकतं, कुणी मेंदी काढतं, कुणी ब्लाउज शिवतं. त्यात माझी भर पडली म्हणून सगळ्या खूश होत्या. आणि त्याखाली, नुकतंच, शुभदाताई: "मैत्रिणींनो, महत्त्वाचं! टिकलीकामाला पोलीस परवाना लागतो. घरी तपासणी होते. खात्रीची बातमी."

मग जे सुरू झालं! "चकल्यांना लागतो का?" "मेंदी चालते का?" "मी तर फक्त फॉल-पिको करते, तेही ओळखीत!" "गेमेंटेला विचारा कुणीतरी." (गेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका.) "विचारू नका!! विचारलं की पत्ता कळतो!!" एकीनं तर दिवाळीच्या करंज्यांची ऑर्डर रद्द केली.

मी कपाळावर हात मारला आणि खुलासा लिहायला घेतला. "मैत्रिणींनो, गैरसमज झालाय. या टिकल्या त्या टिकल्या नव्हेत…" एवढं लिहून झालं आणि फोन वाजला. सई.

सई रविवारी फोन करते. केला तर. तो बुधवार होता.

"काय गं? बरी आहेस ना?"

"आई, इज इट ट्रू?" सईला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र जमेल त्या भाषेत येतं. "ईशानं सांगितलं. तू टिकल्या लावतेयस. बाय हँड. टू हंड्रेड." (ईशा म्हणजे शुभदाताईंची लेक. आकाशवाणीचं उपकेंद्र.)

"अगं, ते…"

"तुझी बोटं दुखतायत म्हणे. आई, यू हेट सोइंग! तू माझ्या शाळेच्या युनिफॉर्मचं बटण स्टेपल केलं होतंस."

हे खरं आहे. घट्ट बसलं होतं.

"तो ब्लाउज आहे ना? द ग्रीन वन?"

आणि मला आठवलं. मागच्या दिवाळीला तिनं माझी हिरवी नारायणपेठ नेसायला काढली होती. म्हणाली होती, हिच्या ब्लाउजवर टिकल्या हव्या होत्या, चमचम करणाऱ्या, तू लावून देशील? मी म्हटलं होतं, ऑनलाइन मागव, मला वेळ नाही. वेळ खरंच नव्हता. निदान तेव्हा तसं वाटलं होतं.

"आई? आर यू देअर?"

"आहे."

"मी दिवाळीला येणार नव्हते. तुला सांगणार होते संडेला. पण आय'म कमिंग, ओके?"

"तुझा अभ्यास असेल ना?" हे मी म्हटलं. माझं तोंड असंच आहे. जे हवं असतं त्याच्या बरोबर उलटं बोलतं.

"आई. आय'म कमिंग."

फोन ठेवल्यावर मी अर्धवट लिहिलेल्या खुलाशाकडे बघितलं. 'या टिकल्या त्या टिकल्या नव्हेत.' मग तो पुसून टाकला. रायस्वाइकमधल्या करंज्या बुडाल्या तर बुडाल्या.

विवेक म्हणाला, "तू तिला खरं का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुठे तिनं?"

"आता?"

"आता काय? दोनशे टिकल्या बसवायच्या!"

मी मालाच्या कोठाराचं नियोजन करणारी बाई आहे. काम अंगावर आलं की रडत नाही, त्याचे टप्पे पाडते. बाजारातून सोनेरी टिकल्यांची पुडी आणली, हिरवा ब्लाउज काढला, सुई आणली. पहिल्या संध्याकाळी तीन टिकल्या लागल्या. त्यातली एक माझ्याच गाउनला. शिवाय या टिकल्याही वाटीसारख्या असतात, एक सुलट, एक उलट. प्रत्येक टिकली बोटानं उलटवण्यात माझा जीव गेला.

तेवढ्यात हाताचं यंत्र घरी आलं. लांब मुठीचं, अगदी हवं तसं. विवेकनं खोका उघडला. मी त्यातली खाचांची तबकडी उचलली. ब्लाउजच्या टिकल्या तिच्यात ओतल्या आणि हलकेच हलवलं.

सगळ्या सुलट पडल्या!

"विवेक! हे बघ!"

"एवढं महागाचं यंत्र," विवेक म्हणाला, "आणि त्याची पहिली गोळी ब्लाउजवर."

ब्लाउजवर जमल्या तेवढ्या टिकल्या लावून झाल्यावर मी तबकडी घासूनपुसून खऱ्या टिकल्यांना घेतली. सुट्टीच्या दिवशी, चष्मा लावून, फोन बंद करून. मूठ आवळायची, टेकली की कळायचं, पुढची. हात कामात असला की डोकं भलतीकडे जातं. सई लहान असताना तिला दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल दाखवायचं होतं मला. इथे दिवाळीत फटाके वाजवता येत नाहीत, आणि पुण्याला गेलो तेव्हा दिवाळी नव्हती. राहूनच गेलं. असल्या गोष्टी राहतात तेव्हा आवाज होत नाही.

दिवाळीच्या शनिवारी सई आली. दारातून आत येताच बूट जिन्यात, जॅकेट सोफ्यावर, आणि सरळ फ्रिजकडे. मी तिला ओरडले. फार बरं वाटलं.

ती फ्रिजसमोर उभी असतानाच शुभदाताई फराळाचा डबा घेऊन आल्या. डब्याखाली एक पिशवी होती. "मोरपंखी आहे," त्या कानात कुजबुजल्या. "गुपचूप. कुणाला कळणार नाही."

मी काही बोलणार, तोच दारावरची बेल वाजली. विवेकनं दार उघडलं. निळ्या गणवेशातला एक उंच, तरुण पोलीस, हसतमुख. "तपासणी. वेळ चुकीची तर नाही ना?"

शुभदाताईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता पाणी शिंपडावं लागणार. पण नाही! बाईंनी क्षणार्धात मोरपंखी ब्लाउज पिशवीतून ओढून सोफ्यावर टाकला आणि त्यावर बसल्या.

"सर!" त्या म्हणाल्या, "शी इज डुइंग ओन्ली फॉर हरसेल्फ! नॉट फॉर एनीबडी! नो मनी!"

पोलीस चकित झाला, मग खूश झाला. "व्हेरी गुड, मॅडम. दॅट इज द लॉ."

"बघ!" शुभदाताई मला मराठीत. "कायदा आहेच!"

"अँड द प्रायमर्स?" पोलिसानं मला विचारलं. "घरी किती आहेत? बघू का?"

"दाखव गं," शुभदाताई. "लपवू नकोस. लपवलं की संशय येतो."

मी सईकडे बघितलं. ती हातात दह्याची वाटी घेऊन दारात उभी होती, चमचा तोंडात. पोलिसाला थांबवून ठेवता येत नाही. मी कपाटावरची कुंडी उचलली आणि कपाट उघडलं. आधी रायफल दिसली. मग टिकल्यांचा डबा, हाताचं यंत्र, आणि रांगेत उभ्या टिकल्या बसवलेल्या दोनशे चकचकीत पितळी नळ्या.

पोलिसानं सगळं बघितलं, यंत्र हातात घेऊन रिकामंच एकदा आवळलं, "नाइस, लाँग हँडल" म्हणाला, एक चकली खाल्ली, दुसरी घेतली आणि गेला.

शुभदाताईंनी बसल्या जागेवरून मान लांब करून कपाटात बघितलं.

"म्हणजे… बंदूक?" शुभदाताई.

"हो."

"खरी?"

"हो."

शुभदाताई सावकाश उठल्या. मोरपंखी ब्लाउज पिशवीत घातला. "वृषाली," त्या म्हणाल्या, "मागच्या दिवाळीत मी सगळ्यांसमोर तुझ्या चकल्या मऊ पडल्यात म्हणाले होते. तसं काही नव्हतं हो. छान होत्या." आणि गेल्या. (गटावर त्यांनी खुलासा केला नाही. पोलिसासमोर आपण ब्लाउजवर बसलो, हे कोण सांगेल? त्यामुळे समजूत आहे ती आहे.)

सई अजून दारातच होती.

"आई, धिस इज द टिकल्या?"

"हो."

"नॉट माझ्या ब्लाउजच्या."

मी 'नाही' म्हटलं. तिनं वाटी टेबलावर ठेवली आणि जिना चढून खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"मी जातो," विवेक म्हणाला, आणि मी नको म्हणेपर्यंत गेलाही. वरून त्याचा आवाज येत होता. त्याच्या पोटात काही राहत नाही ते इथे कामी आलं. "…आणि हे तुझं टेबल. चार भोकं पाडू दिली नाहीत मला! म्हणून ते हाताचं घेतलं. बोटं सुजली तिची. रिकामं नाही म्हणते, सईचं आहे…"

मी हिरवा ब्लाउज घेऊन वर गेले. सई टेबलाशी बसली होती, ओकच्या फळीवर हात फिरवत. मी ब्लाउज तिच्यापुढे टाकला.

"याच्याही आहेत. ऐंशीच झाल्या. डावी बाही वाकडी आहे."

तिनं उचलला. उलटा केला. सुलटा केला. डाव्या बाहीवरची ओळ खांद्यापासून निघून बगलेत जाऊन हरवली होती.

"ओ माय गॉड, आई. इट्स टेरिबल."

"टेबलाचं म्हणशील तर," मी म्हटलं, "चांगलं लाकूड आहे. भोकं पाडून फुकट कशाला घालवायचं."

"हो का," सई म्हणाली. मराठीत. मग खूप वेळ हसली, नाक पुसलं, आणि नारायणपेठ नेसवून दे म्हणाली. त्या संध्याकाळी मी तिला रिकामं यंत्र हातात दिलं. टिकली नाही, परवाना माझा आहे. तिनं मूठ आवळली आणि विचारलं, "कळतं म्हणजे काय कळतं?"

"टेकली की कळतं," मी म्हटलं. यापेक्षा जास्त मला सांगता आलं नाही.

सोमवारी ती गेली. बूट गेले, जॅकेट गेलं, दही तेवढं अर्धं राहिलं. ते मी दोन दिवस हलवलं नाही. ब्लाउज ती घेऊन गेली होती, मैत्रिणींना दाखवायला. आगगाडीतून तिचा फोटो आला: सीटवर, खाली, तिच्या बॅगेवर सगळीकडे सोनेरी टिकल्या. खाली लिहिलं होतं, "आई!! ऑल आर फॉलिंग!!"

मी उत्तर टाकलं. पाठवण्याआधी नाव दोनदा तपासलं. "मग घेऊन ये परत. हाताने बसवून देईन."

विवेकचं म्हणणं, मी धाग्याला गाठ मुद्दामच मारली नाही. काहीतरीच! मी रायफल चालवते, दोनशे काडतुसांना टिकल्या बसवते, पोलिसाला चकली खायला घालते. पण खरं सांगू? धाग्याला गाठ मला मारताच येत नाही. आणि शिकायचा विचारही नाही.